पाणसळीची वजने

रोम येथे उच्च शिक्षणासाठी असताना उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही जर्मनीत, बव्हेरियातील एका लहानशा गावी जात असू. तेथील धर्मगुरू रजेवर गेले की त्यांच्या जागी महिना-दीड महिना काम पाहावयाचे. आशिया-आफ्रिकेतून रोमला गेलेले अनेक तरुण धर्मगुरू असे करतात. गावाला मिस्सा मिळते आणि विद्यार्थ्याच्या पुढील वर्षाच्या पुस्तकांची सोय होते. २००२ सालच्या सप्टेंबरातील गोष्ट. तेथील देवळाची देखभाल करणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे होते. त्यांचे सारे आयुष्य गवंडीकामात गेलेले. आमचे रात्रीचे जेवण त्यांच्या घरी असे. त्यांचा सोळा वर्षांचा नातू त्याच महिन्यात एका बांधकाम कंत्राटदाराकडे शिकाऊ गवंडी म्हणून लागला होता. त्या देशात कारागिरीचे शिक्षण साधारण तीन वर्षे चालते. काही दिवस शाळेत आणि उरलेले दिवस प्रत्यक्ष कामावर.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात एके संध्याकाळी तो पोरगा उशिरा घरी आला. दोन्ही तळहात लाल झालेले. दुपारी मुकादमाने त्याला सांगितले होते, "आपल्या पाणसळीची वजने गावाच्या दुसऱ्या टोकाला अमक्या कंत्राटदाराकडे राहिली आहेत, ती घेऊन ये." पोरगा धावत गेला. तेथील कोठीवाल्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता खिळे ठोकून बंद केलेली एक पेटी पुढे ठेवली, वहीत त्याची सही घेतली आणि "जपून ने, नाजूक माल आहे" असे बजावले. दोन किलोमीटर ती पेटी उचलून आणून त्याने मुकादमापुढे ठेवली. सगळे गवंडी काम थांबवून वाटच पाहत होते. पेटी उघडली, तर आत फरशीचे तुकडे!

पाणसळ आपल्याकडील प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत असते. काचेच्या नळीत द्रव आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध स्थिरावला की भिंतीचा थर समतल आहे असे समजावे. तिला वजने लागत नाहीत. परंतु जर्मन भाषेत ह्या साधनाचे जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘पाण्याचा तराजू’ असा होतो. तराजू म्हटला की वजने आलीच! पोरगा मूर्ख नव्हता. त्याने शब्दावर विश्वास ठेवला होता आणि शब्दाने त्याला दगा दिला होता.

जेवताना आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. महायुद्धानंतरच्या काळात त्यांनाही त्यांच्या मुकादमाने ह्याच कामगिरीवर पाठवले होते म्हणे. आजीने मात्र सूपचे भांडे टेबलावर जरा जोरातच ठेवले आणि आमच्याकडे वळून विचारले, "फादर, तुम्हीच सांगा, हे पाप आहे की नाही?"

आम्ही उत्तर दिले नाही. आमची जर्मन भाषा तेवढी चांगली नाही, अशी सबब मनाशी सांगितली. वस्तुतः आजोबांबरोबर आम्हीही हसलो होतो आणि नुकतेच हसलेले तोंड निवाडा देण्यास लाजत होते. मौनाचे आणखीही एक कारण होते; ते पुढे येईलच. पोरगा त्या सबंध जेवणात एकच वाक्य बोलला: "मला शंका आली होती. पण विचारले असते, तर एवढेही ठाऊक नाही म्हणून हसले असते."

ही थट्टा एका गावाची वा एका देशाची नव्हे. जर्मनीतल्याच मोटारींच्या कारखान्यांत नव्या पोराला गिअरबॉक्समध्ये घालायची वाळू आणायला पाठवतात, किंवा पिस्टन परत ओढणारी स्प्रिंग. पिस्टनला परत आणण्याचे काम क्रँकशाफ्ट करतो, स्प्रिंग नव्हे. पण इंजिनाच्या व्हॉल्व्हला स्प्रिंगा असतात, ब्रेकलाही असतात, मग पिस्टनला का नसावी? ब्रिटनमध्ये डावखुरा स्क्रू ड्रायव्हर मागवतात. स्कॉटलंडच्या चौकड्यांच्या लोकरी कापडाला टार्टन म्हणतात. तो चौकड्यांचा रंग तयार डब्यात मिळतो असे सांगून पोराला रंगाच्या दुकानी धाडतात. आणखी एक प्रकार तर शब्दाच्या उच्चारावरच बेतलेला आहे. इंग्रजीत वजनालाही ‘वेट’ म्हणतात आणि थांबण्यालाही ‘वेट’. पोरगा कोठीत जाऊन ‘लाँग वेट’ मागतो, कोठीवाला "उभा राहा" म्हणतो आणि तासाभराने सांगतो, "झाला तुझा लाँग वेट, जा आता."

आमच्या धर्मग्रामातील काही वृद्ध मंडळी तरुणपणी बोटीवर होती. त्यांतील एकाने आम्हांस सांगितलेली हकीकत अशी. जहाजाच्या डाव्या अंगाचा दिवा लाल आणि उजव्या अंगाचा हिरवा असतो, हा जगभरचा नियम. तेलाच्या दिव्यांच्या काळात नव्या खलाशाला डाव्या दिव्यासाठी लाल तेल आणि उजव्या दिव्यासाठी हिरवे तेल आणायला पाठवीत. वास्तविक रंग काचेचा असतो. तेलाचे दिवे गेले, तरी थट्टा मागे राहिली. अमेरिकेच्या आरमारात नवख्याला शिरस्त्राण व जीवरक्षक जाकीट चढवून, हाती लांब आकडी देऊन जहाजाच्या टोकाशी उभे करतात. काम काय, तर समुद्रात तरंगत येणारा टपालाचा बोया दिसताच तो ओढून घ्यावयाचा. असा बोया कोणत्याही समुद्रात नाही. आपल्या आईचे पत्र हुकू नये म्हणून डोळे ताणून पाहणाऱ्या पोराचे चित्र मनासमोर आणले, की हसू येते आणि लगेच ओसरते.

आणि हा खेळ जुनाही आहे. फ्लँडर्समधील ब्रुज शहरचा कवी एदुआर्द दे देने ह्याने सोळाव्या शतकात एक पद्य रचले. त्यात एक सरदार १ एप्रिल रोजी आपल्या नोकराला एकामागून एक निरर्थक कामांवर धाडतो आणि नोकराला धन्याचा डाव कळत असतो. एप्रिल फूलचा हा सर्वांत जुन्या लेखी दाखल्यांपैकी एक मानतात. स्कॉटलंडमध्ये त्या दिवशी एखाद्याच्या हाती मोहोरबंद चिठ्ठी देऊन पाठवण्याची रीत होती; चिठ्ठी वाचणाऱ्याने ह्या माणसाला आणखी पुढे पाठवावे, एवढाच त्यातील मजकूर. चिठ्ठी नेणारा आपल्याच फजितीचा जासूद.

ह्या थट्टा यशस्वी का होतात? आमच्या मते, त्याचे कारण पोरांचा भोळेपणा हे नव्हे. प्रत्येक धंद्यात खऱ्या गोष्टीच इतक्या चमत्कारिक असतात, की खोटी गोष्ट त्यांत सहज मिसळून जाते. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सुलटे असते, तर चालवता चालवता पायडल सैल होऊन गळून पडले असते. गॅस वेल्डिंगच्या दोन नळकांड्यांपैकी ऑक्सिजनच्या जोडणीचे आटे सुलटे आणि ॲसिटिलिनच्या जोडणीचे उलटे ठेवतात, म्हणजे चुकूनही एकाची नळी दुसऱ्याला बसत नाही. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या कात्र्या मिळतात. त्यांची पाती उलट्या बाजूंनी जुळवलेली असतात. मग डावखुरा हातोडा नसतो, हे पहिल्या दिवशी कोणी कसे ओळखावे? कात्रीला दोन पाती असतात म्हणून तिला डावे-उजवे आहे, हातोड्याला नाही, हे समजायला हात वर्षभर कामात मळावे लागतात. नवख्यापाशी तोवर एकच आधार असतो, तो म्हणजे जुन्याचा शब्द.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. संत ऑगस्टीन ह्यांनी इसवी सन ३९५ च्या सुमारास असत्याविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या आरंभीच थट्टेला असत्यातून वगळले. थट्टा करणाऱ्याचा स्वर आणि मनाचा कल ह्यांवरूनच ऐकणाऱ्यास कळते, की हा आपल्याला फसवू पाहत नाही. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्हांस मोठाच दिलासा वाटला होता; कारण आम्ही थट्टेखोर होतो. परंतु नीट पाहिले तर संतांनी उघडलेल्या ह्या दारातून आपली पाणसळीची वजने आत जात नाहीत. येथे स्वर लपवावा लागतो. कोठीवाला हसला की खेळ संपला. चेहऱ्यावरची रेष न हलवणे हेच त्याचे सारे कौशल्य.

संत थॉमस अक्वायनस अधिक कडक आहेत. ते असत्याचे तीन प्रकार मानतात: कोणाच्या उपयोगासाठी बोललेले, कोणाला अपाय करण्यासाठी बोललेले आणि करमणुकीसाठी बोललेले. तिसरे सौम्य खरे, पण असत्यच. येथेच थांबावयाचे असते, तर आजीला सांगता आले असते की, मुकादमाचे पाप क्षुल्लक आहे, पुढच्या पापनिवेदनात त्याने ते सांगून टाकावे. पण त्या माउलीचा प्रश्न मुकादम खरे बोलला की खोटे, हा नव्हताच. तिची नजर नातवाच्या चेहऱ्यावर होती.

त्याच ग्रंथात अक्वायनस ह्यांनी उपहासावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते असे आम्हांस वाटते. शिवी देणारा दुसऱ्याचा मान हिरावतो, चहाडखोर दुसऱ्याची मैत्री हिरावतो, तसा उपहास करणारा काय हिरावतो? तर समोरच्याच्या मनाची निर्धास्तता. त्याला लाजवून लाल करणे हा उपहासाचा हेतू. क्षुल्लक दोषाला क्षुल्लक मानून केलेली थट्टा ते सौम्य समजतात. मात्र चांगल्या माणसाचा त्याच्या चांगुलपणाबद्दल उपहास करणे त्यांना फार गंभीर वाटते. कारण मान हे सद्गुणाचे पारितोषिक आहे आणि असा उपहास झाला की माणसे चांगले वागण्यापासून मागे सरतात.

आमचे बोट ह्या वाक्यावर थबकते. पाणसळीच्या वजनांसाठी पाठवले, तेव्हा पोराच्या कोणत्या गोष्टीला सगळे हसले? त्याच्या अज्ञानाला, असे वरवर दिसते. पण आळशी पोरगा अशा थट्टेत सापडतच नाही. तो "उद्या आणतो" म्हणतो. उद्धट पोरगाही सापडत नाही. तो जाण्यापूर्वी दहा प्रश्न विचारतो किंवा तोंडावर "नाही" म्हणतो. सापडतो कोण? जुन्याच्या शब्दाला मान देणारा, सांगितले की धावणारा, आपल्यावर काही सोपवले ह्याचा आनंद मानणारा. मुकादम पुढील तीन वर्षे ज्या गुणावर विसंबून त्याला धंदा शिकवणार, नेमका तोच गुण पहिल्या आठवड्यात त्याने हास्यास्पद ठरवला. शिवाय पोराने म्हटलेले ते वाक्य आहेच. विचारावे तरी हसतील, न विचारावे तरी हसतील, अशी ज्याची कोंडी झाली, तो तिसरा मार्ग शोधतो. तो न विचारता, ठाऊक असल्याचे सोंग करू लागतो.

तथापि आजोबांचा पक्ष अगदीच टाकाऊ नव्हता, हे कबूल केले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला कामावर ठेवावयाचे नसते, त्याच्यासाठी कोणी पेटीत फरशीचे तुकडे भरत बसत नाही. ज्याला आपल्यात घ्यायचे, त्यालाच पाठवतात. त्या दिवसापासून पोराला सांगायला एक गोष्ट मिळते आणि तीच गोष्ट मुकादमापाशीही असते. मग दोघे एका धंद्याचे होतात. त्यांनी आणखी एक तपशील सांगितला, तो आमच्या मनात राहिला. त्यांना पाठवले होते तेव्हा त्यांचा म्हातारा मुकादम निम्म्या वाटेवर सामोरा आला, पेटीची दुसरी कडी धरली आणि दोघांनी मिळून ती कामावर आणली. वाटेत मुकादम म्हणाला, "माझ्या वेळी ही पेटी ह्याहून जड होती." आजोबा ज्या हसण्याने हसत होते, ते ह्या अर्ध्या वाटेवरून आलेले हसणे होते. नातवाला सामोरे कोणी आले नव्हते. हा फरक आजोबांच्या ध्यानात आला नाही. आजीच्या आला असावा.

वाचक म्हणतील, फादर, तुमच्या संतांनीही असले प्रकार केलेच आहेत की! खरे आहे. ‘रोमचे प्रेषित’ म्हणून ओळखले जाणारे संत फिलीप नेरी (१५१५–१५९५) हे त्यात सर्वांवर कडी करणारे. त्यांचा शिष्य चेझारे बारोनियो पुढे ख्रिस्तसभेचा मोठा इतिहासकार झाला आणि १५९६ साली कार्डिनलही झाला. ह्या विद्वान तरुणाला फिलीप मद्याच्या दुकानी पाठवीत; हाती अवाढव्य कुपा आणि आणावयाची वाइन मात्र घोटभर. वर आज्ञा अशी, की कुपा आधी त्यांच्याकडून धुवून घे, तळघरात उतरून ते कसे भरतात ते पाहा, आणि मग मोठे नाणे देऊन सुटे माग. दुकानदार मारायला उठत, असे चरित्रकार सांगतात. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांत ठेंगू योहानाची कथा प्रसिद्ध आहे. त्याच्या गुरूने वाळलेली काठी जमिनीत रोवली आणि तिला रोज पाणी घाल म्हणून सांगितले. पाणी इतके दूर, की संध्याकाळी निघावे आणि सकाळी परतावे. तिसऱ्या वर्षी काठीला फळ आले, असे एक परंपरा सांगते. कासियन ह्यांनी योहान नावाच्याच एका तपस्व्याविषयी दिलेली हकीकत निराळी आहे; त्यात वर्षभराने गुरू येतात, काठी उपटतात आणि फेकून देतात. आम्हांस ही दुसरी हकीकत अधिक खरी वाटते. पहिलीतल्या फळाने गुरूची फारच सोय झाली आहे.

मग मुकादम आणि फिलीप नेरी ह्यांत फरक कोणता? पुष्कळ काळ आम्हांस वाटे की तो हेतूचा आहे. एकाला करमणूक हवी, दुसऱ्याला शिष्याचा गर्व उतरवायचा. पण हेतूचे काय, सेमिनरीत येणारा प्रत्येक वरिष्ठ विद्यार्थी नव्याचा छळ करताना त्याचा गर्वच उतरवत असतो! आता आम्हांस दुसरेच काही दिसते. फिलीप नेरी स्वतः अर्धी दाढी भादरून रोमच्या रस्त्यांतून हिंडत. थोर माणसे भेटीस आली की चित्रविचित्र कपडे घालून पुढे येत. स्वतःची फजिती ते शिष्याच्या आधी आणि शिष्याहून जास्त करून घेत. शिवाय बारोनियोचा उतरवला जात होता तो विद्वत्तेचा अभिमान, म्हणजे त्याच्यापाशी जे भरपूर होते ते. सोळा वर्षांच्या पोरापाशी पहिल्या आठवड्यात भरपूर असे काय असते? त्याच्यापाशी होता तो विश्वास आणि पायांतला वेग. ह्यावर कोणी म्हणेल की, धन्याची आणि नोकराची थट्टा सारखी कशी होईल. ते बरोबरच आहे. त्या सरदाराने आपल्या नोकराला खेळवले ते वरून खाली. खालून वर पाठवलेली पेटी आम्ही कधी ऐकली नाही.

एवढे लिहून झाल्यावर आता मौनाचे दुसरे कारण सांगणे प्राप्त आहे.

१९८८ साली आम्ही सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला होतो. त्या जूनमध्ये नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून एक मुलगा दाखल झाला. त्याच्या गावी महिन्यातून एकदा धर्मगुरू येत. मोठे देऊळ त्याने पहिल्यांदा पाहिले ते आमच्याकडेच. त्याच्या येण्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी त्याला बोलावले आणि सांगितले, "साक्रिस्तीत जा आणि ब्रदरांकडून पवित्र पाण्याची पावडर घेऊन ये. रविवारसाठी भिजवून ठेवायची आहे." दुधाची पावडर त्याने शाळेत पाहिली होती, पाण्याची का नसावी? भर दुपारी तो मैदान ओलांडून धावत गेला. आम्ही व्हरांड्याच्या खांबाआड उभे राहून वाट पाहू लागलो.

साक्रिस्तीचे काम पाहणारे ब्रदर तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि कमी बोलत. अर्ध्या तासाने तो मुलगा परत आला, तो हसू नव्हता की रडत नव्हता. त्याच्या हाती कागदाची एक पुडी होती. तो म्हणाला, "ब्रदरांनी पावडर दिली आहे. पाणी तुम्ही आणा म्हणाले." पुडीत मीठ होते.

ते मीठ पाहून आम्ही आणखी जोरात हसलो. ब्रदरही आमच्या खेळात सामील झाले असे समजलो. पाणी आशीर्वादित करताना त्यात आशीर्वादित मीठ मिसळण्याचा विधी जुन्या पद्धतीत अनिवार्य होता आणि आजच्या मिस्सा-ग्रंथातही, जेथे तशी प्रथा असेल तेथे, त्याला मुभा आहे. अलीशा संदेष्ट्याने यरीहोच्या झऱ्यात मीठ टाकून ते पाणी गोडे केले, त्याची ती आठवण. हे आम्हांस पुढे दोन वर्षांनी उपासनाविधीच्या वर्गात कळले. म्हणजे त्या दुपारी ज्याला काही ठाऊक नव्हते, तो खरी वस्तू घेऊन आला होता. आणि ज्यांना सर्व ठाऊक होते, त्यांना हाती काय आले आहे हे समजले नव्हते. ब्रदर त्याला सामोरे गेले होते, पेटीची दुसरी कडी धरून. आम्ही खांबाआड होतो.

त्या मुलाने त्यानंतर आम्हांस काही विचारले नाही. सेमिनरीतील सारे शिक्षण इंग्रजीतून चाले. आमचेही शालेय शिक्षण मराठीतूनच झालेले. पण एका वर्षात इंग्रजीशी आम्ही थोडेफार जुळवून घेतले होते आणि आमच्या वह्या त्याला दिल्या असत्या तर त्याचे निभले असते. तो मागच्या बाकावर बसून मान हलवत राही. नाताळच्या सुटीला घरी गेला तो परत आला नाही. रेक्टरांनी इंग्रजी झेपले नाही एवढेच सांगितले. आम्ही त्यावर फार विचार केला असे नाही. पंधराएक वर्षांनी बव्हेरियातल्या त्या जेवणाच्या टेबलावर ती पेटी उघडली गेली, तेव्हा तो आठवला.

२०२३ सालच्या मे महिन्यात आमच्या देवळात एक लग्न झाले. नवरी वधूपक्षाच्या मामाला घेऊन साक्रिस्तीत आली आणि म्हणाली, "फादर, मामा म्हणतात ते तुम्हांला ओळखतात." तोच होता. केस पिकलेले, चष्मा. आयटीआय करून तो पुण्याकडील एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि निवृत्त होण्याच्या बेतात असलेला फोरमन होता. आम्ही त्याला चहा दिला. इकडचे तिकडचे झाल्यावर आमच्याच्याने राहवले नाही. आम्ही म्हणालो, "अरे, ती पावडर आठवते का तुला?"

तो हसला आणि उजवा हात पुढे केला. दोन बोटांच्या पेरांवर जुना व्रण होता. "कारखान्यातले पहिले वर्ष," तो म्हणाला. "टेबलावरचा ग्राइंडर असतो ना फादर, त्याला दोन्ही अंगांना चाक असते. डाव्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे चाक फिरताना तो सुटत नाही, घट्ट होतो. एक जुना कामगार मला म्हणाला, हा नट उलटा फिरवून सोडव. मला वाटले, हीसुद्धा पावडरच आहे. मान हलवली आणि तो वळल्यावर माझ्या पद्धतीने सर्व जोर लावून सुलटा फिरवला. पाना सटकला आणि हात आपटला कडेवर."

आम्हांस काही सुचेना. तो माणूस खरे सांगत होता आणि ह्याने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण त्याआधी आम्ही खोटे सांगितले होते. जुना कामगार आणि आम्ही, दोघे एकमेकांना ओळखतही नव्हतो.

"म्हणजे सेमिनरीही तू त्यामुळेच सोडलीस," आम्ही म्हणालो.

"नाही हो फादर," तो म्हणाला. "वडील आजारी होते, आणि इंग्रजी तर मला देवानेही शिकवले नसते. सगळे स्वतःवर घेऊ नका."

मग त्याने आपल्या कारखान्याचे सांगितले. त्याच्या हाताखाली नवा मुलगा आला, की पहिल्या दिवशी तो त्याला कोठीत नेतो, एकेक हत्यार हातात देतो आणि नाव म्हणून घेतो. ग्राइंडरपाशी आले की आधी स्वतः डावा नट उलटा सोडवून दाखवतो आणि मग मुलाला सोडवायला लावतो. थट्टा होत नाही का, असे आम्ही विचारले. "होते की," तो म्हणाला, "पण फोरमनची. मुलांनी एकदा माझ्या डब्यात मुंग्या येत नाहीत अशी साखर म्हणून खडीचा चुरा भरून ठेवला होता. मी चहात घातला."

बाहेर बँडवाल्यांची जुळवाजुळव सुरू झाली होती. तो उठला, दारापाशी थांबला आणि म्हणाला, "एक विचारू का फादर? त्या मिठाचे तुम्ही काय केले? ब्रदरांनी ते आशीर्वाद देऊन दिले होते."

आम्हांस आठवत होते. रात्रीच्या जेवणाला आमटी अळणी होती.